पुरळ आणि पथ्य: एका वेळी एकच पदार्थ बंद करा

पुरळ जावं म्हणून दूध, साखर, गहू, तेलकट सगळं एकदम सोडलं, तरी दहा दिवसांत फरक नाही, अशी तक्रार असते. तो दिसणारही नाही. त्वचेखाली बंद झालेलं छिद्र फोड म्हणून वर यायला काही आठवडे लागतात. आज दिसणारा फोड जुना असतो. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बंद करा आणि निदान ८ ते १२ आठवडे थांबा. त्या काळात क्रीम, फेसवॉश, औषधं बदलू नका, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

सुरुवात व्हे प्रोटीनपासून (दुधापासून बनवलेली प्रथिनांची पावडर) करा, घेत असाल तर. मग साखरेची पेयं आणि मैदा: यांनी इन्सुलिन व आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखंच, वाढीशी संबंधित एक संप्रेरक) वाढतं, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. दूध त्यानंतर. साय काढलेल्या दुधाचाही संबंध आढळलाय, म्हणजे दोष निव्वळ चरबीचा नाही. दूध सोडलंत तर कॅल्शियम दुसरीकडून घ्या. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) मात्र उगाच सोडू नका. पुरळाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही.

दर आठवड्याला त्याच उजेडात फोटो काढा. फरक पडला तर पदार्थ पुन्हा सुरू करून पाहा, खरी परीक्षा तीच. गाठी, व्रण असतील तर पथ्यावर विसंबू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.