मदत हवी आहे : ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये चौघांचा चमू कसा जुळवावा?

लॅरियन स्टुडिओजचा २०२३ साली आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम मी नुकताच सुरू केला असून, चमूच्या जुळणीबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझे पात्र पॅलाडिन (दैवी शक्ती असलेला योद्धा) आहे. सोबत क्लेरिक (देवतेकडून मंत्रशक्ती मिळवणारी) शॅडोहार्ट, विझार्ड (जादूगार) गेल आणि रोग (चोरट्या कसबांत पारंगत) अ‍ॅस्टॅरियन हे साथीदार आहेत.

मुख्य अडचण विश्रांतीची आहे. गेलचे बहुतेक मंत्र आणि माझ्या ‘डिव्हाइन स्माइट’ या दैवी प्रहाराला लागणारे स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याच्या मोजक्या संधी) दीर्घ विश्रांतीनंतरच परत मिळतात, त्यामुळे एक-दोन मोठ्या लढायांनंतर चमूचा जोर ओसरतो; उलट वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारा) असलेल्या विल या दुसऱ्या साथीदाराचे स्लॉट छोट्या विश्रांतीनेही भरतात आणि अशी विश्रांती दोन दीर्घ विश्रांतींच्या दरम्यान दोनदा घेता येते. मग गेलऐवजी विलला घ्यावे का, की स्क्रोलवरून (मंत्र लिहिलेल्या गुंडाळीवरून) नवे मंत्र शिकण्याची विझार्डची सोय पुढे अधिक मोलाची ठरते?

कुलुपे आणि सापळे यांसाठी रोगच लागतो, की चपळाई चांगली असलेले कोणतेही पात्र पुरते? पुरत असल्यास अ‍ॅस्टॅरियनच्या जागी फायटर (लढवय्यी) लेझेलला घेण्याचा विचार आहे.

छावणीतील विदर्स या पात्राला शंभर सुवर्णमुद्रा देऊन शॅडोहार्टचे ‘ट्रिकरी’ डोमेन (क्लेरिकची उपशाखा) बदलता येते, हे ठाऊक आहे. कथेच्या दृष्टीने तिला तेच शोभते, म्हणून मन धजावत नाही. तरी त्याऐवजी ‘लाइफ’ किंवा ‘लाइट’ डोमेन घेतल्याने नवख्या खेळाडूला खरोखर किती फरक जाणवतो, हे अनुभवींनी सांगावे. पहिल्या अंकापुढील कथानक कृपया उघड करू नये.