हाताने काढलेले पर्स्पेक्टिव्ह जमते, पण रेंडर खोटे का दिसते?

प्रश्न – विद्यार्थिनी, नागपूर

नमस्कार. मी इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक आणि दोन व्हॅनिशिंग पॉइंटची (दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळतात ते बिंदू) पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे खोलीचा भास देणारी चित्रे, मला हाताने बऱ्यापैकी काढता येतात, परंतु स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय मॉडेल करून व्ही-रेमध्ये काढलेली फोटोसारखी चित्रे (रेंडर) मात्र प्लास्टिकची वाटतात.

सध्याचे काम एका रो हाउसच्या हॉलचे आहे. हॉल १२ फूट रुंद, १६ फूट लांब आणि १० फूट उंच आहे. दक्षिणेच्या १२ फुटी भिंतीत मोठी खिडकी असून तिची सिल (खालची कड) ३ फुटांवर, लिंटेल (वरची कड) ७ फुटांवर आणि वर २ फुटांचा छज्जा आहे. ऊन छान आत यावे म्हणून डिसेंबरची दुपार निवडली आणि ते थेट सोफ्याच्या पलीकडे पोहोचलेही. सगळा हॉल एका चित्रात मावावा म्हणून सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्याची लेन्स १८ मिमी ठेवली. भिंती शुद्ध पांढऱ्या आहेत. लॅपटॉप साधा असल्यामुळे एका रेंडरला जवळजवळ रात्र जाते.

वर्गातील मुले म्हणतात की हाताने काढणे सोडून द्यावे, कारण नोकरीत सॉफ्टवेअरच विचारतात. त्यांचे म्हणणे योग्य आहे का? आणि माझ्या रेंडरमध्ये नेमके काय चुकते आहे?

उत्तर – इंटिरियर डिझायनर, धरमपेठ

आधी उन्हाचे पाहू, कारण तुमच्या वर्णनातली सर्वांत मोठी गडबड तिथे आहे असे मला वाटते. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे ऊन जितके खाली उतरते तितकेच आत सरकते. छज्ज्याच्या कडेवरून येणारा किरण २ फूट बाहेरून आणि ७ फूट उंचीवरून निघतो, म्हणून तो भिंतीपासून ५ फुटांवर जमिनीला टेकतो. सिलवरून येणारा किरण ३ फुटांवर टेकतो. भिंतीची जाडी सोडून दिली, तर तुमच्या हॉलमध्ये दुपारच्या उन्हाचा पट्टा भिंतीपासून ३ ते ५ फुटांच्या मध्येच पडायला हवा. तो सोफ्यापलीकडे कसा गेला?

माझा अंदाज असा की फाइलमधले ठिकाण बदललेले नाही. स्केचअपच्या नव्या फाइलमध्ये ठिकाण दिले नाही, तर अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातले बोल्डर हे शहर धरले जाते. ते ४० अंश उत्तरेला आहे. तेथे त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य सुमारे २६ अंशांवरच असतो आणि तुमच्याच छज्ज्याखालून ऊन १२ फूट आत जाते. म्हणजे घर नागपूरचे आणि ऊन बोल्डरचे, असा प्रकार झाला आहे. ठिकाण नागपूर करा आणि मॉडेलमधली उत्तर दिशा प्लॅनवरच्या बाणाशी जुळते का, तेही तपासा.

२१ मार्चच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य ६९ अंशांवर चढलेला असतो, त्यामुळे दुपारी हा छज्जा पूर्ण खिडकीवर सावली धरतो. २६ मेच्या आसपास तर तो थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. (तसेही मे महिन्यात पडदे ओढून कूलरसमोर बसणाऱ्या इथल्या ग्राहकाला हॉलभर पसरलेले ऊन दाखवले, तर तो सोफा बघणार नाही, आधी पडद्यांबद्दल विचारेल.)

उत्तर – थ्रीडी व्हिज्युअलायझर

वरील उत्तराशी सहमत आहे. मी लेन्स आणि पांढऱ्या रंगाबद्दल लिहितो. १८ मिमीची लेन्स आडव्या दिशेने ९० अंश दाखवते, त्यामुळे कडेला असलेली खुर्ची ताणली जाते आणि १६ फुटांचा हॉल सभागृहासारखा भासतो. ३५ मिमीला सुमारे ५४ अंश मिळतात, म्हणजे जितक्या फुटांवर उभे राहावे साधारण तितक्याच फुटांची भिंत चौकटीत मावते. बाजूच्या भिंती अधिक दिसायला हव्या असतील, तर २८ मिमीपर्यंत उतरावे किंवा कॅमेरा उत्तरेच्या भिंतीमागे नेऊन क्लिपिंगने (कॅमेऱ्याजवळचा भाग चित्रातून वगळण्याच्या सोयीने) ती भिंत कापावी. सगळा हॉल एकाच चित्रात दाखवण्याचा हट्ट मात्र सोडावा.

भिंतींचा पांढरा २५५ (० ते २५५ या रंगमापातला सर्वांत वरचा आकडा) ठेवला, की भिंत आलेला सगळा प्रकाश परत फेकते, सावल्या धुऊन निघतात आणि कोपरे दिसेनासे होतात. चांगला पांढरा रंगसुद्धा सुमारे ८० टक्केच प्रकाश परत फेकतो, म्हणून आकडा २३० च्या आसपास ठेवावा. प्लायवूडच्या कडांना दोन-तीन मिलिमीटरची गोलाई द्यावी, कारण चाकूसारखी धारदार कड खऱ्या फर्निचरला नसते आणि प्रकाशाची बारीक रेघ त्या गोलाईवरच उमटते.

रात्रभर रेंडर लावू नये. मटेरियल ओव्हरराइड (सगळी मटेरियल तात्पुरती बाजूला ठेवणारी सोय) चालू करून सर्व वस्तूंना एकच राखाडी रंग द्यावा, चित्राची रुंदी ८०० पिक्सेल ठेवावी आणि आधी फक्त प्रकाश जुळवावा. राखाडीत जे चित्र सपाट दिसते, त्याला महागडी टेक्स्चर्सही (लाकूड, कापड अशा पृष्ठभागांची चित्रे) वाचवू शकत नाहीत.

हाताच्या कामाबद्दल माझे मत काहींना पटणार नाही. पट्टी लावून तासन्‌तास पर्स्पेक्टिव्ह आखणे आज वेळेचा अपव्यय आहे. तळहाताएवढी चार-पाच कच्ची चित्रे पुरेशी आहेत.

उत्तर – रेखाचित्राच्या शिक्षिका, निवृत्त

कच्च्या चित्रांबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पट्टीबद्दल नाही. लेन्सचा जो दोष आपण आकड्यांत सांगितला, तो आखणी करणाऱ्याला कागदावर दिसतो. एका व्हॅनिशिंग पॉइंटच्या चित्रात फरशीच्या कर्णरेषा ज्या डिस्टन्स पॉइंटकडे जातात, तो व्हॅनिशिंग पॉइंटपासून पाहणाऱ्याच्या अंतराइतका दूर असतो. ९० अंशांचे दृश्य आखले, तर हा बिंदू अगदी चित्राच्या कडेवर येतो आणि पुढच्या लाद्या लांबुळक्या होतात. ३५ मिमीच्या हिशेबाने तो कडेच्याही बाहेर जवळजवळ अर्ध्या चित्राइतका जातो आणि लादी पुन्हा चौरस वाटू लागते. हाच हॉल दोन्ही अंतरांवरून एकदा आखून पाहावा, म्हणजे कॅमेऱ्याची जागा निवडताना हात अडखळणार नाही.

वर्तुळांसाठी दीक्षाभूमीच्या स्तूपात जाऊन बसावे. आतून पोकळ असलेल्या त्या घुमटाखाली डोळ्यांच्या पातळीजवळचे वर्तुळ चपटे आणि वरचे अधिकाधिक उघडे होत जाताना स्पष्ट दिसते. छाया मात्र तीनच द्याव्यात: कागदाचा पांढरा, एक मधला आणि एक गडद. खोलीत सर्वांत उजळ जागा एकच असते. ती कोणती, हे रेंडरच्या आधी पेन्सिलीने ठरवावे लागते.

विद्यार्थिनी

सर्वांचे आभार. फाइलमध्ये खरोखरच बोल्डर होते. नागपूर केल्यावर उन्हाचा पट्टा २ फुटांचा राहिला, पण आता हॉल अंधारा दिसतो. छताजवळ अदृश्य लाइट लावू का?

उत्तर – इंटिरियर डिझायनर, धरमपेठ

लावू नका. त्या लाइटमुळे सोफ्याखालची सावली पुसली जाते आणि तो हवेत तरंगल्यासारखा दिसतो. दिवसा खोलीतला बहुतेक उजेड आकाशाचा आणि फरशीवरून उसळलेला असतो. तो चित्रात आहेच, फक्त एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) वाढवावे लागेल. फरशी गडद असेल तर छतही गडद दिसेल, आणि ती लाल असेल तर छतावर लालसर झाक येईल. ती खरी असते, काढून टाकू नका.

आणि ऊन हवेच असेल, तर वेळ बदला. डिसेंबरमध्येच सकाळी नऊच्या सुमारास सूर्य सुमारे २५ अंशांवर आग्नेयेला असतो. तेव्हा ऊन तिरपे, जवळजवळ ८ फूट आत येते आणि खिडकी मध्यभागी असेल तर पश्चिमेच्या भिंतीवरही चढते. तुमचा सोफा त्या भिंतीला असेल, तर चित्र तेथूनच रचा.