मदत हवी आहे: टेक्स-मेक्स पिझ्झा दोनदा फसला, आता काय बदलू?

मंडळी, घरी टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्ससमधल्या मेक्सिकन वळणाच्या, चवीचा पिझ्झा करायचा घाट घातलाय. दोन रविवार त्यात गेले आणि दोन्ही वेळा पिझ्झा चमच्याने खावा लागला. साधा टोमॅटो-मोझरेलाचा पिझ्झा मला बऱ्यापैकी जमतो, त्यामुळे बेसवर माझा संशय नाही. तरी प्रमाण देते: 250 ग्रॅम मैदा, 160 मिली पाणी, 5 ग्रॅम मीठ, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, थोडं तेल. मळून रात्रभर फ्रिजमध्ये. यात साधारण 25 सेंटीमीटरचे दोन बेस होतात. ओव्हन घरगुती आहे, 250 अंशांपर्यंत जातो.

पहिल्या वेळी सॉसऐवजी कच्चा साल्सा पसरला: टोमॅटो, कांदा, हॅलपिनो (मेक्सिकन हिरवी मिरची), कोथिंबीर, लिंबू. त्यावर उकडलेले ब्लॅक बीन्स, मका, ढोबळी मिरची आणि नुसतं चेडर. बाराव्या मिनिटाला कडा खरपूस आणि मधोमध तळं! चेडरचं तेल सुटून वर नारिंगी तवंग आला होता. कोथिंबीर तर करपून काळी.

दुसऱ्या वेळी शहाणी झाले आणि साल्सा आटवून घेतला. पण एका इंग्रजी पाककृतीत 'दोन टेबलस्पून चिली पावडर' लिहिलं होतं, तेवढं लाल तिखट मी इमानदारीत खिम्यात घातलं. पुढचं सांगत नाही. मुलीने फक्त कडा खाल्ल्या, नवरा काही न बोलता दह्याचं भांडं घेऊन आला.

तर साल्सा वापरायचा की नाही? चेडरचं काय करू? आणि दोन टेबलस्पून तिखट खाणारी ही माणसं आहेत तरी कोण?
– उचापती

जाळधूर:
शेवटच्या प्रश्नाने हसून हसून पुरेवाट झाली. उचापतीताई, ती माणसं तुमच्याआमच्यासारखीच आहेत, घोळ शब्दाचा आहे. टेक्ससमधली 'चिली पावडर' म्हणजे नुसतं तिखट नव्हे, तो तयार मसाला असतो. चिली कॉन कार्ने या मांसाच्या रश्श्यासाठी निघालेला. वाळवलेल्या सौम्य मिरच्या, जिरं, ओरेगॅनो, लसूण असं सगळं त्यात कुटलेलं असतं. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने 1890 च्या दशकात टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्सला तो करून विकायला सुरुवात केली. त्यातली मुख्य मिरची बहुतेकदा आंचो, म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची. तिचा तिखटपणा अगदी बेताचा, चव थोडी मनुकांच्या अंगाने जाणारी.

घरी करायचा तर दोन मोठे चमचे पॅप्रिका किंवा रंगाची, कमी तिखट मिरची पूड घ्या. त्यात दोन छोटे चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक छोटा चमचा लसूण पावडर, एक ओरेगॅनो आणि खरं तिखट फक्त पाव चमचा. जिऱ्यात कंजुषी करू नका, टेक्स-मेक्सचा वास मुळात जिऱ्याचाच असतो. चिपोत्ले मिळाली तर थोडी घाला. ती धुरावर वाळवलेली हॅलपिनोच, त्यामुळे घरगुती ओव्हनमध्ये न येणारा धुराचा वास आपोआप येतो. मसाला खिम्यात नुसता भुरभुरवू नका, आधी तेलात अर्धा मिनिट परता.

कणीदार:
तुमचा साल्सा जागा चुकला. तो ओव्हनमध्ये जायलाच नको.

कच्च्या टोमॅटोत पाणी, कांद्यात पाणी, वर मीठ घातल्यावर ते सगळं बाहेर येणार, आणि खाली ओला मैदा. आटवलात तर पाणी जातं, पण साल्साची मजाही जाते, उरतो आंबट टोमॅटो सॉस. त्यापेक्षा सॉसच्या जागी बीन्स पसरा. रिफ्राइड बीन्स म्हणतात ते. नाव ऐकून दोनदा तळायचे असं वाटतं, पण स्पॅनिशमध्ये 'रेफ्रितोस' म्हणजे नीट, चांगले परतलेले. पिंटो किंवा ब्लॅक बीन्स दीड वाटी शिजलेले घ्या, तेलात लसूण आणि वरचा मसाला परतून त्यात घाला, ठेचत ठेचत आटवा. चमचा उलटा धरला तरी गोळा पडू नये इतकं घट्ट. गार झाल्यावरच बेसवर लावा, गरम लावलं की खालचं पीठ चिकट होतं. थर पातळ हवा, एका बेसला चार-पाच मोठे चमचे पुरे.

मका आणि ढोबळी मिरची कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर डाग पडेपर्यंत भाजा. हॅलपिनो बरणीतले असतील तर कागदावर टिपून घ्या. साल्सा, कोथिंबीर, अवाकाडो हे पिझ्झा बाहेर काढल्यावर. साल्सा चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवा. अवाकाडो तापला की कडवट होतो, तेव्हा त्याला ओव्हन दाखवूच नका.

आणि हो, तुम्ही ट्रे गार असतानाच आत सारत असाल असा माझा अंदाज आहे. जाड ट्रे उलटा करून आतच ठेवा आणि 250 वर किमान अर्धा तास तापवा. बेसखाली थोडं जाडसर मक्याचं पीठ भुरभुरलं की पिझ्झा सरकतो आणि टॉर्टियाची, म्हणजे मेक्सिकन पोळीची, आठवण करून देणारा वासही येतो. मग आठ-दहा मिनिटं खूप झाली.

शंकासूर:
मेक्सिकोत जिरं इतकं वापरत नाहीत, पिवळं चेडर तर नाहीच. हा पदार्थ अस्सल कसा म्हणायचा?

जाळधूर:
शंकासूरजी, मेक्सिकन म्हणतंय कोण? टेक्स-मेक्स ही टेक्ससमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या स्वयंपाकातून वाढलेली वेगळी शाखा आहे. गव्हाचा टॉर्टिया, गोमांस, पिवळं चीज, जिरं ही तिची ओळख. टेक्ससने 1977 मध्ये चिली हा मांसाचा रस्सा राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवला, म्हणजे त्यांना त्यात लाज वाटत नसावी. आणि पिझ्झ्यावर घालतोय म्हटल्यावर अस्सलपणाची गाडी केव्हाच सुटली!

चीजवेडी:
चेडर जितकं मुरलेलं, तितकं तापल्यावर लवकर फाटतं आणि तेल सोडतं. कोवळं चेडर घ्या आणि एकटं वापरू नका. मॉन्टेरे जॅक मिळालं तर उत्तम, ते सुरेख वितळतं. नाही तर दोन भाग मोझरेला, एक भाग चेडर. 25 सेंटीमीटरला एकूण 100 ग्रॅम पुरतं. पाकिटातलं किसलेलं चीज टाळा, गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, त्याने ते एकजीव वितळत नाही. मोझरेला आधी, चेडर शेवटच्या तीन मिनिटांत. ओव्हन पटकन उघडा आणि पटकन बंद करा.

उचापती:
काल केला! कणीदार, ट्रेचा अंदाज बरोबर होता, मी गारच ठेवत होते. बीन्सचा थर लावला आणि पहिल्यांदाच तुकडा हातात सरळ राहिला, टोक खाली वाकलं नाही. खालून छान डाग पडले होते. चीजवेडी, तवंग जवळजवळ नाही. मसाल्यात मी जिरं दीडच चमचा घातलं, भीत भीत, पुढच्या वेळी पूर्ण घालेन. मुलीने दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, आज दही का नाही?

एकच राहिलं. बीन्स दुसऱ्या बेससाठी ठेवले होते ते रात्रभरात फ्रिजमध्ये दगड झाले, पसरताना बेस फाटला.

कणीदार:
होणारच, गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो. चमचाभर गरम पाणी घालून मंद आचेवर हलवा, सैल झाले की पुन्हा गार करून लावा. बीन्स शिजवलेलं पाणी ठेवलं असेल तर तेच घाला, चव पातळ होत नाही.