हवामानबदलाशी जुळवून घ्यायला कर्ज नको, अनुदान द्या

सावली (धागालेखक)
मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने आफ्रिकेतल्या मोझांबिकचं बैरा शहर झोडपून काढलं. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाला सुमारे ११.८ कोटी डॉलर दिले. बिनव्याजी, पण कर्ज म्हणून! हवेत कार्बन सोडण्यात ज्याचा वाटा नगण्य, त्यानेच पडझड सावरायला कर्ज काढायचं, हे मला अजिबात पटत नाही. हवामानबदलासाठी गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचा श्रीमंत देशांचा कोपनहेगन परिषदेतला वायदा २०२० चा होता, पुरा झाला २०२२ मध्ये. त्यातही सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जच. सौरप्रकल्प वीज विकून हप्ता फेडेल. किनाऱ्याची तटबंदी आणि पूरसूचना काय विकणार?

हिशेबी
असहमत. कर्जाला सरसकट झोडपू नका. बांगलादेशात १९७० च्या भोला वादळात किमान ३ लाख माणसं गेली, १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. २०२० च्या अम्फानने तिथे घेतलेले बळी शंभराच्याही आत होते. १९७२ पासून तिथे स्वयंसेवकांची फळी उभी आहे. इशाऱ्याचे झेंडे लावतात, भोंग्यावरून ओरडत घरोघरी फिरतात, म्हाताऱ्यांना हाताला धरून निवाऱ्यात नेतात. खांबांवर उभ्या या निवाऱ्यांत एरवी शाळा भरते. त्यातले कित्येक जागतिक बँकेच्या सवलतीच्या (बाजारापेक्षा स्वस्त) कर्जातून झालेत. अनुदानाची वाट बघत बसले असते तर?

उत्तरवारा
मोझांबिकचं चित्र अर्धवट मांडलंय. तिथल्या सरकारने संसदेपासून लपवून घेतलेली प्रचंड कर्जं २०१६ मध्ये उघडकीस आली आणि देणगीदारांनी अर्थसंकल्पाला मिळणारी थेट मदत थांबवली. अशांच्या हाती बिनपरतीचा पैसा द्यायचा? मला तरी हे धोक्याचं वाटतं.

सावली
@उत्तरवारा, लपवाछपवी सरकारने केली, घरं बैराच्या लोकांची गेली. पैसा सरकारी तिजोरीत ओतायलाच हवा असं कुठे आहे? त्याच बैरात वादळाआधी जर्मन मदतीने चिवेवे नदीचं तुंबलेलं पात्र मोकळं केलं, पाण्याला समुद्राकडे वाट मिळाली. काम ठरवून, त्यावर देखरेख ठेवून अनुदान देता येतं.
@हिशेबी, निवाऱ्यांबद्दल दुमत नाही. पण तेच निवारे अनुदानातून झाले असते तर कमी माणसं वाचली असती का?

हिशेबी
नसती. पण झाले किती असते? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये अनुकूलनासाठी, म्हणजे हवामानबदलाशी जुळवून घ्यायला, विकसनशील देशांना आंतरराष्ट्रीय सरकारी पैसा आला २६ अब्ज डॉलर, आणि २०३५ पर्यंत गरज आहे वर्षाला ३१० अब्जांहून जास्त. एवढं सगळं अनुदान कोण देणार? सवलतीचं कर्ज नाकारलं तर दरी आणखी रुंदावेल.

उत्तरवारा
मग निदान क्रम लावा. प्रशांत महासागरातल्या तुवालूसारख्या बेटांना अनुदानच हवं. तिथल्या राजधानीत, फुनाफुटीत, समुद्रात भर घालून सुमारे ७ हेक्टर जमीन केली, ती हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीच्या अनुदानातून. ज्यांची फेडायची ऐपत आहे त्यांनी सवलतीचं कर्ज घ्यावं.

सावली
हा क्रम मला चालेल. फक्त कुणाची ऐपत किती, हे सावकाराने एकट्याने ठरवू नये. आणि वादळाने झोडपलेल्या वर्षी हप्ता आपोआप थांबावा, ही अट करारातच लिहिलेली हवी.