मदत हवी आहे : तीन प्रतलांचा सामाईक बिंदू मिळत नाही

जिज्ञासू : तीन प्रतलांचा (अमर्याद सपाट पृष्ठांचा) सामाईक बिंदू काढायचा आहे. कोणतीही दोन प्रतले समांतर नाहीत हे मी तपासले आहे, त्यामुळे तिन्ही कुठेतरी एकत्र यायलाच हवीत; तरीही दर वेळी शेवटी ० = १ एवढेच उरते. चूक कुठे होते आहे ते कृपया लवकर सांगावे.

त्रिज्या : समीकरणे पाहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

कर्णरेषा : क्रेमरचा नियम वापरा, म्हणजे प्रत्येक चलाची किंमत दोन निश्चयकांच्या (सहगुणकांच्या चौकटीतून काढलेल्या संख्यांच्या) भागाकाराने काढा. मी नेहमी तोच वापरतो.

जिज्ञासू : क्ष + य + झ = ६, क्ष − य + २झ = ५ आणि २क्ष + ३झ = १०. क्रेमरच्या नियमात छेदातला निश्चयक शून्य येतो, म्हणून तो सोडून दिला.

लंबसंपात : पहिल्या दोन प्रतलांच्या अभिलंबांचा (प्रतलाला काटकोनात असलेल्या दिशांचा) अदिश गुणाकार २ आणि लांबी √३ व √६ आहे, म्हणून त्यांच्यातला कोन सुमारे ६२ अंश.

जिज्ञासू : कोन नको, बिंदू हवा आहे.

त्रिज्या : तुमची आकडेमोड बरोबर आहे, ‘तिन्ही एकत्र यायलाच हवीत’ हे गृहीतक चुकले आहे. पहिल्या दोन समीकरणांची बेरीज केली की २क्ष + ३झ = ११ मिळते आणि तिसरे समीकरण तेच १० असल्याचे सांगते. पहिली दोन प्रतले (४, १, १) मधून जाणाऱ्या, (३, −१, −२) दिशेच्या रेषेत छेदतात, आणि ती रेषा तिसऱ्या प्रतलाला समांतर असून त्याला कुठेच भेटत नाही. दोन पुठ्ठे तंबूसारखे एकमेकांना टेकवून टेबलावर उभे करा : वरची कड आणि टेबलावरच्या दोन कडा समांतर राहतात, पण तिन्ही पृष्ठांचा एकही सामाईक बिंदू नसतो.

कर्णरेषा : हे क्रेमरच्या नियमातूनही कळते. छेदात शून्य आणि क्ष साठीच्या अंशात −३ येतो, म्हणजे उकल नाही.

त्रिज्या : इथे कळले, पण तीन वेगवेगळी समांतर प्रतले घेतली तर चारही निश्चयक (छेदातला एक आणि अंशांतले तीन) शून्य येतात आणि तरीही उकल नसते. म्हणून चलांचा लोप करत जाणेच (समीकरणांच्या बेरीज-वजाबाकीने एकेक चल काढून टाकणे) मला खात्रीचे वाटते.

जिज्ञासू : दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतलाच्या छेदनरेषेची दिशा काढली, ती (−३, १, २) आली, म्हणजे तीच, फक्त चिन्हे उलट. वहीची दोन पुठ्ठी टेकवून पाहिली आणि तिन्ही कडा समांतर दिसल्या. उत्तरात ‘सामाईक बिंदू नाही’ असे लिहितो आहे.