सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, दवाखान्यात नातेवाइकांनी नेमकं काय बघायचं?

सूनबाई_पूर्वभाग
सासूबाई ६८ वर्षांच्या. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचाय, पुढच्या आठवड्यात सोलापुरातच ॲडमिट करणार. शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन, बीपीची गोळी, शिवाय रक्त पातळ करायची गोळी. पेनिसिलिनची ॲलर्जी. मराठी त्यांना कळतं, पण दुखायला लागलं की तेलुगूच बोलतात. डॉक्टरांबद्दल शंका नाही. दिवसा मी आणि रात्री दीर थांबणार. आम्ही काय विचारायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे जाणकारांनी सांगा.

केमिस्ट_सात_रस्ता
ताई, नुसती जुनी चिठ्ठी नेऊ नका. घरातल्या सगळ्या गोळ्या पट्टीसकट एका पिशवीत घालून न्या, गुडघ्यासाठी घेतलेलं चूर्ण-काढासुद्धा. कंपनीचं नाव वेगळं आणि आतलं औषध एकच, असं सर्रास असतं. घरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि वॉर्डातून आलेली दुसऱ्या नावाची तीच गोळी, दोन्ही पोटात गेल्या तर शुगर एकदम खाली येते. म्हणून ॲडमिट झाल्यावर घरची एकही गोळी सिस्टरना न विचारता द्यायची नाही.

इन्सुलिनचं तर डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं. सिरिंजही वेगळ्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी. पेनमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं प्रत्येक वेळी वाचा. आणि जेवणाचं ताट समोर येणार हे नक्की नसेल, तर जेवणाआधीचं इन्सुलिन देण्याअगोदर सिस्टरना सांगा. घाम, थरथर, बोलणं असंबद्ध झालं की लगेच शुगर तपासायला लावा. ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर, नीट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर मात्र तोंडाने काही देऊ नका, सिस्टर सलाइनमधून ग्लुकोज देतील.

भूलतज्ज्ञ_एमएच१३
रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका आणि स्वतःहून चालूही ठेवू नका. गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ती तारीख आम्हाला सांगा. पाठीत सुई देऊन भूल द्यायची तर मणक्याजवळ रक्त साकळायचा धोका असतो, तो याच तारखेवर ठरतो. उलट हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) असलेल्याची गोळी अचानक थांबली तर स्टेंटच बंद पडू शकतो. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर मुद्दाम सांगा, ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात.

उपाशी म्हणजे दुधाचा चहासुद्धा नाही. हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. भुलेत पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. "म्हाताऱ्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं" म्हणून मायेपोटी अर्धा कप चहा पाजतात, ते नका करू. कवळी काढून ठेवा. गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात.

वॉर्डातली_सिस्टर
वरचं सगळं बरोबर. मी वॉर्डातलं सांगते.

नाव विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" म्हटलं की घाबरलेला पेशंट कशालाही "हो" म्हणतो, भाषा परकी असेल तर जास्तच. इंजेक्शन, रक्त, तपासणी, कशाच्याही आधी पेशंटने स्वतः पूर्ण नाव सांगावं आणि हातातल्या पट्टीवरच्या नंबराशी जुळवावं. आडनाव सारखं असलेल्या दोन बायका शेजारच्या खाटांवर असणं इथे नवीन नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. तरी प्रत्येक नव्या अँटिबायोटिकला विचारा, कारण अमॉक्सिसिलिन आणि पिपरॅसिलिन ही त्याच घरातली औषधं आहेत.

सलाइनच्या नळीवरचं चाक नातेवाइकांनी फिरवायचं नाही. बाटली लवकर संपावी म्हणून ते मोकळं सोडतात. वयस्कर पेशंटला त्याने दम लागतो आणि बाटलीत पोटॅशियम असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. तुम्ही फक्त सुईची जागा बघा: सूज, लाली, आग, गार पडलेली कातडी. यातलं काही दिसलं की लगेच बोलवा.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको. पेशंटला हलवताना ती पोटावर ठेवली तर लघवी उलटी आत जाते. आणि रोज सकाळच्या राउंडला विचारा, "नळी आज काढता येईल का?" जितके दिवस जास्त, तितकं इन्फेक्शन जास्त.

सगळ्यात जास्त पडतात ते रात्री, बाथरूमला जाताना. पहिल्यांदा एकटं उठवायचंच नाही, सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट हवेत. खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसवा, चक्कर नसेल तरच उभं करा. दीरांना सांगा, झोप लागली तरी बेल सासूबाईंच्या हाताशी राहू द्या. पायाचा पंजा वरखाली करायचा व्यायाम जागेपणी दर तासाला दहा वेळा.

हात धुतलेत का, हे आम्हाला बिनधास्त विचारा. भेटायला येणाऱ्यांनाही सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायला लावा.

सूनबाई_पूर्वभाग
फार उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. रक्तपेढीतून पिशवी आम्हालाच आणायला लावली तर? आणि रात्री तेलुगू न कळणारी सिस्टर असेल तर?

वॉर्डातली_सिस्टर
पिशवी बर्फ घातलेल्या डब्यातून थेट वॉर्डात आणा. बर्फ पिशवीला चिकटता कामा नये, आणि सोलापूरच्या उन्हात वाटेत कुठे थांबू नका. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, गरम पाण्यात धरायची तर मुळीच नाही, पेशी फुटतात. लावताना दोघांनी नाव, गट आणि पिशवीचा नंबर वाचला का ते बघा. पहिली १५ मिनिटं शेजारून हलू नका: थंडी, ताप, खाज, कंबर दुखणं, दम, काहीही झालं की बोलवा, रक्त थांबवावं लागतं.

खाटेशेजारी देवनागरीत कागद लावा: नोप्पी म्हणजे दुखणं, ऊपिरि म्हणजे श्वास, कळ्ळु तिरुगुतुन्नाई म्हणजे चक्कर. वेदना शून्य ते दहा बोटांनी दाखवायला त्यांना घरीच शिकवा.

केमिस्ट_सात_रस्ता
घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड घेऊन जुन्या पिशवीतली एकेक पट्टी समोर ठेवा: ही चालू, ही बंद, हिचा डोस बदलला. बंद झालेल्या पट्ट्या घरात ठेवूच नका. रक्त पातळ करायची गोळी पुन्हा कोणत्या तारखेपासून, ते लिहूनच घ्या. एका पोटरीला सूज येऊन दुखली तर टाक्यांच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, अचानक दम लागला तर १०८.