मदत हवी आहे : नागपूरचा झिरो माईल, अंतराचा की उंचीचा?

नमस्कार मंडळी,

वस्तीतल्या शाळकरी पोरांना नागपुरातल्या जुन्या वास्तू दाखवायचा बेत आहे. सुरुवात अर्थातच झिरो माईलपासून. त्यासाठी दोन पानी माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि तिथेच गाडी अडली.

जो तो एकच सांगतो : इंग्रजांनी देशाचा मध्यबिंदू शोधला, तिथे खांब उभारला आणि सगळी अंतरं तिथून मोजली. मला हे पटत नाही. १९०७ साली ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानात होता, तो धरला तर मध्यबिंदू पूर्वेकडे सरकतो. आणि आजच्या भारताचा मध्य म्हणून नाव घेतात ते कटनी जिल्ह्यातल्या करौंदीचं.

त्यात खांबाशेजारच्या बुटक्या दगडावर कोरलंय ‘जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क १९०७’. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांनी केलेलं देशाच्या मोजणीचं सर्वेक्षण. बेंच मार्क ही तर उंचीची खूण! मुंबई, कारवार, मद्रास अशा बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवून समुद्रसपाटी ठरवायची आणि तिथून दुर्बीण-पट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने आत यायचं. इथली उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे साधारण ३११ मीटर. दशांशापुढे तीन आकडे! मैल मोजणाऱ्याला कशाला हवेत?

अंतरं आहेत ती मोठ्या खांबावर. हैदराबाद ३१८ मैल, छिंदवाडा ८३, सिवनी ७९. हैदराबादचे ५१२ किलोमीटर होतात, नकाशावर सरळ रेघ मारली तर सव्वाचारशेच्या आसपास भरतात. म्हणजे आकडे रस्त्याचे. माझा अंदाज असा की उंचीची खूण आणि मैलांचा खांब ही दोन वेगळी कामं, शेजारी आली म्हणून लोकांनी त्यांची खिचडी केली.

हे खोडणारा किंवा पक्कं करणारा कागद कुणी पाहिलाय का? सर्व्हेचं लेव्हलिंगचं, म्हणजे उंची मोजणीचं, जुनं पुस्तक, मध्य प्रांताच्या बांधकाम खात्याचा अहवाल, काहीही चालेल. घरच्या अल्बममध्ये खांबाचा जुना फोटो असेल तर फारच उत्तम, आज खांबापाशी दिसणारे चार घोड्यांचे पुतळे त्यात आहेत का एवढं बघायचंय.

जाता जाता : या सर्वेक्षणाची सुरुवात करणारा लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारला, थडगंही तिथेच आहे. पोरांची बस थेट तिथपर्यंत जाते का, अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा.

आणि कृपया ‘गुगल कर’ म्हणू नका. तिथे मध्यबिंदूच मिळतो.